संदेश व परिषद सर्व्हर : अद्ययावतीकरण आणि देखभालीची साधने

कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात शेती आणि उद्योग यांचा शेजार जुना आहे. इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीची चांदी, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील फौंड्री आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील कापड व अभियांत्रिकीचे कारखाने यांचा व्यवहार आज गावापुरता राहिलेला नाही. एखाद्या कारखान्याचे उत्पादन वसाहतीत होते, विक्रीचे कार्यालय पुण्यात किंवा मुंबईत असते आणि ग्राहक परदेशात असतो. नमुन्याचा आराखडा, मालाची मागणी, दराची घासाघीस आणि तक्रार हे सर्व निरोप, दूरध्वनी व दृक्‌श्राव्य बैठकी यांच्या वाटेने चालते. ही वाट ज्या संगणकावरून जाते त्याला संदेश व परिषद सर्व्हर म्हणतात.

अशा सर्व्हरची खरेदी हा एका दिवसाचा निर्णय असतो. त्याची देखभाल मात्र रोजची असते. सर्व्हर बंद पडला तर कामकाज थांबते हे सर्वांना दिसते. तो चालू असूनही जुना झालेला असेल, तर त्यातून बाहेरचा माणूस आत शिरू शकतो, आणि हे मात्र कोणालाच दिसत नाही. म्हणूनच अद्ययावतीकरण म्हणजे काय, ते कोणत्या साधनांनी होते आणि त्यात चुकते कोठे, याची माहिती कारखान्याच्या संगणक विभागाइतकीच मालकालाही असणे आवश्यक ठरते.

वारणेचा अनुभव

यंत्रणा उभारणे सोपे आणि चालवणे अवघड, याचा अनुभव याच परिसराने घेतला आहे. हातकणंगले तालुक्याला लागून असलेल्या पन्हाळा तालुक्यात वारणानगर आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवती येथे दूध, शिक्षण आणि व्यापार यांच्या अनेक संस्था वाढल्या. १९९८ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान कृती दलाच्या पुढाकाराने येथे ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या तांत्रिक साह्याने कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाच्या जाळ्यात आणण्याचा हा प्रयत्न होता. उसाची नोंद, तोडणीचा परवाना, वजनाची पावती, खताचा हिशेब अशी कामे गावातल्याच केंद्रावर व्हावीत, शेतकऱ्याला कारखान्यापर्यंत हेलपाटे पडू नयेत, हा त्यामागील हेतू होता.

पुढे गावोगावचे संगणक जुने होत गेले. वीज बेभरवशाची होती आणि दुरुस्तीचा खर्च वाढत होता. तेव्हा मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी ‘वारणा अनवायर्ड’ हा प्रयोग हाती घेतला. गावातील संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस, तर मध्यवर्ती ठिकाणी संदेश स्वीकारून उत्तर देणारा एक संगणक, अशी ही रचना होती. सात गावांत आठ महिने चाललेल्या या चाचणीत पूर्वीची सर्व कामे एसएमएसवर होऊ शकली. ही पद्धत अधिक स्वस्त, अधिक सोयीची आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत असल्याचा निष्कर्ष राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा यांच्या शोधनिबंधात नोंदवला गेला.

या प्रयोगाचा एक अर्थ मोबाइलची सरशी असा लावता येईल. दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. देखभाल करावी लागणारी यंत्रे पुष्कळ ठिकाणी विखुरलेली असतील तर यंत्रणा थकते. ती एका जागी आणली तर सांभाळणे शक्य होते, मात्र त्या एका जागेवरचा भार आणि जोखीम दोन्ही वाढतात. कारखान्याचा संदेश सर्व्हर ही तशीच एक जागा आहे.

सर्व्हरच्या आत काय असते

संदेश व परिषद सर्व्हर असे एकवचनी म्हटले जात असले, तरी मोठ्या कार्यालयात तो अनेक संगणकांचा संच असतो. मायक्रोसॉफ्टच्या स्काइप फॉर बिझनेस सर्व्हरचे उदाहरण घेतले तर त्यातील भूमिका स्पष्ट होतात. फ्रंट एंड सर्व्हर हा मुख्य असतो. वापरकर्त्याची ओळख पटवणे, कोण हजर व कोण गैरहजर हे सांगणे, निरोप पोहोचवणे आणि बैठक भरवणे ही कामे तो करतो. बॅक एंड हा डेटाबेस सर्व्हर असतो. एज सर्व्हर हा कार्यालयाच्या जाळ्याच्या उंबरठ्यावर बसतो आणि बाहेरून येणाऱ्या जोडण्या तपासून आत घेतो. मीडिएशन सर्व्हर ही यंत्रणा दूरध्वनीच्या वाहिन्यांशी जोडतो.

या सर्वांची संभाषणाची भाषा प्रामुख्याने सिप ही असते. बैठक सुरू करणे, कोणाला तरी आत घेणे आणि ती संपवणे हे संकेत सिपमधून जातात. प्रत्यक्ष आवाज आणि चित्र वेगळ्या वाटेने, सांकेतिक रूपात जाते. म्हणूनच निरोप व्यवस्थित पोहोचतात पण आवाज तुटतो, अशी तक्रार आली की अनुभवी व्यवस्थापक सर्व्हरपेक्षा आधी जाळ्याकडे आणि एज सर्व्हरकडे पाहतो.

मोठ्या संस्थेत अनेक फ्रंट एंड सर्व्हर मिळून एक गट बनवतात. त्याला पूल म्हणतात. पूलमध्ये किमान तीन सर्व्हर असावेत अशी शिफारस आहे. प्रत्येक वापरकर्त्याच्या माहितीच्या प्रती पूलमधील वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवल्या जातात. एक सर्व्हर बंद पडला तर काम दुसऱ्यावर जाते. बहुमतातील सर्व्हर चालू असतील तोवरच पूल उभा राहतो, ही गोष्ट अद्ययावतीकरणाच्या वेळी फार महत्त्वाची ठरते.

आवृत्त्यांचा प्रवास

मायक्रोसॉफ्टने या क्षेत्रात २००३ मध्ये लाइव्ह कम्युनिकेशन्स सर्व्हर आणला. २००७ मध्ये त्याची जागा ऑफिस कम्युनिकेशन्स सर्व्हरने घेतली. २०१० मध्ये लिंक सर्व्हर आला आणि २०१३ च्या आवृत्तीनंतर, २०१५ मध्ये, त्याचे नामांतर स्काइप फॉर बिझनेस सर्व्हर असे झाले. स्काइप ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये विकत घेतली होती. पुढची आवृत्ती २०१९ या नावाने आली.

प्रत्येक आवृत्तीला आयुष्य असते. लिंक सर्व्हर २०१० चा आधार १३ एप्रिल २०२१ रोजी आणि लिंक सर्व्हर २०१३ चा आधार ११ एप्रिल २०२३ रोजी संपला. स्काइप फॉर बिझनेस सर्व्हरच्या २०१५ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी एकाच दिवशी संपला. एक्स्चेंज या ई-मेल सर्व्हरच्या २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांचीही तीच तारीख होती. त्यापुढे सहा महिन्यांपुरत्या सुरक्षा-दुरुस्त्या पैसे भरून देण्याची योजना कंपनीने जाहीर केली होती. जुलै २०२५ मध्ये दोन्ही सर्व्हरची सबस्क्रिप्शन एडिशन बाजारात आली.

या नव्या पद्धतीतला फरक नीट समजून घ्यावा लागतो. पूर्वी एक आवृत्ती घेतली की दहा वर्षांच्या आसपास निश्चिंती असे. आता वेळोवेळी येणारे अद्ययावत संच बसवत राहणे हीच कंपनीचा आधार मिळत राहण्याची अट आहे. संच बसवला नाही तर सर्व्हर बंद पडत नाही. अडचण आल्यावर मदत मात्र मिळत नाही.

अद्ययावतीकरण कसे केले जाते

अद्ययावत संच साधारणपणे दोन प्रकारचे असतात. एकत्रित संचात आधीच्या सर्व दुरुस्त्या सामावलेल्या असतात, त्यामुळे मधले संच चुकले असले तरी शेवटचा बसवणे पुरेसे होते. सुरक्षा-दुरुस्ती ही एखाद्या नेमक्या छिद्रावरचे ठिगळ असते आणि ती विशिष्ट एकत्रित संचावरच बसते. म्हणून जो सर्व्हर एकत्रित संचात मागे राहिला त्याला तातडीची दुरुस्तीही लागलीच बसवता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा-दुरुस्त्या साधारणपणे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. कॅलेंडरवर हा दिवस नोंदवून ठेवणे हा व्यवस्थापनाचा पहिला धडा आहे.

प्रत्यक्ष काम ठरावीक क्रमाने होते. प्रथम सर्व्हरची मांडणी आणि वापरकर्त्यांची माहिती बाहेर काढून सुरक्षित जागी ठेवली जाते. त्यासाठी मॅनेजमेंट शेलमध्ये एक्स्पोर्ट-सीएस-कॉन्फिगरेशन आणि एक्स्पोर्ट-सीएस-यूजर-डेटा या दोन आज्ञा आहेत. त्यानंतर पूल तयार आहे का, हे गेट-सीएस-पूल-अपग्रेड-रेडिनेस-स्टेट या आज्ञेने विचारले जाते. उत्तर ‘तयार’ असे आले तरच पुढे जायचे असते. ‘व्यग्र’ असे उत्तर आले तर थांबायचे. चालू सर्व्हरची संख्या अपुरी असल्याचे उत्तर आले तर आधी तो दोष दूर करायचा.

मग एक सर्व्हर बाजूला काढला जातो. २०१५ च्या आवृत्तीपासून त्यासाठी इन्व्होक-सीएस-कॉम्प्युटर-फेल-ओव्हर ही आज्ञा मिळाली. ती दिली की त्या सर्व्हरवरचे वापरकर्ते इतर सर्व्हरवर सरकतात. त्यानंतर स्काइप सर्व्हर अपडेट इन्स्टॉलर हा कार्यक्रम चालवला जातो. त्या संगणकावर बसवलेले कोणते घटक जुने आहेत हे तो दाखवतो आणि एकेक करून नवे बसवतो. मग संगणक पुन्हा सुरू करून, सेवा चालू झाल्याची खात्री करून, त्याला पूलमध्ये परत घेतले जाते. तीन सर्व्हरच्या पूलमध्ये एका वेळी एकच सर्व्हर बाहेर काढायचा असतो. दोन एकदम बाहेर गेले तर बहुमत मोडते आणि सगळे कार्यालय मुके होते.

सर्व सर्व्हर झाल्यावर डेटाबेस राहतो, आणि बहुतेक चुका येथे होतात. संचाबरोबरच्या माहितीपत्रकात डेटाबेस बदलण्याची सूचना असेल तर इन्स्टॉल-सीएस-डेटाबेस ही आज्ञा अद्ययावतीकरणाच्या पर्यायासह वेगळी द्यावी लागते. ती विसरली गेली तर कार्यक्रम नवा आणि डेटाबेस जुना, अशी विसंगती राहते. काही दिवस सर्व सुरळीत वाटते आणि मग एखादी सुविधा अचानक चालेनाशी होते. कोणत्या डेटाबेसची आवृत्ती अपेक्षेपेक्षा मागे आहे हे टेस्ट-सीएस-डेटाबेस ही आज्ञा सांगते. काम संपल्यानंतर ती चालवणे ही चांगली सवय होय.

संपूर्ण आवृत्तीच बदलायची असेल तर नियम ‘आतून बाहेर’ असा आहे. आधी आतले पूल, नंतर एज सर्व्हर आणि सर्वात शेवटी ज्या पूलमध्ये मध्यवर्ती व्यवस्थापन भांडार आहे तो पूल. लिंक सर्व्हर २०१३ वरून २०१५ च्या आवृत्तीवर जाताना त्याच संगणकावर बदल करण्याची सोय होती. २०१९ च्या आवृत्तीसाठी मात्र नवा संच शेजारी उभा करून वापरकर्ते हळूहळू हलवावे लागत.

व्यवस्थापकाच्या हाताशी असलेली साधने

या सर्व्हरचा नकाशा टोपोलॉजी बिल्डर या साधनात तयार होतो. कोणते सर्व्हर कोठे आहेत, त्यांची नावे काय, कोण कोणाशी बोलतो हे त्यात लिहून प्रसिद्ध केले जाते. प्रसिद्ध केलेला नकाशा मध्यवर्ती व्यवस्थापन भांडारात साठतो आणि तेथून प्रत्येक सर्व्हरकडे त्याची प्रत जाते. एखाद्या सर्व्हरपर्यंत प्रत पोहोचली नाही तर तो जुन्याच नकाशावर चालत राहतो. म्हणून कोणताही मोठा बदल केल्यावर गेट-सीएस-मॅनेजमेंट-स्टोअर-रेप्लिकेशन-स्टेटस ही आज्ञा देऊन सर्वत्र प्रत पोहोचल्याची खात्री करतात.

रोजच्या कामासाठी कंट्रोल पॅनेल असते. नवा कर्मचारी आला की त्याला सुविधा देणे आणि तो गेला की काढून घेणे ही कामे तेथून होतात. पूर्वीचे कंट्रोल पॅनेल सिल्व्हरलाइट या तंत्रावर उभे होते. सिल्व्हरलाइटचाच आधार १२ ऑक्टोबर २०२१ रोजी संपला आणि ब्राउझरमध्ये चालणारे नवे पॅनेल आणावे लागले. एका सर्व्हरचे आयुष्य त्याच्या आतल्या किती इतर घटकांच्या आयुष्यावर टेकलेले असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

लिंक सर्व्हर २०१० पासून पॉवरशेलवर आधारलेले मॅनेजमेंट शेल हे खरे अवजार बनले. एकाच आज्ञेने शेकडो वापरकर्त्यांचे नियम बदलता येतात. अर्थात चूकही शेकडो ठिकाणी एकदम होते. म्हणून आज्ञा देण्यापूर्वी तिचा परिणाम नुसता दाखवणारा ‘व्हॉट-इफ’ हा पर्याय वापरणे शहाणपणाचे असते. त्याच आवृत्तीपासून अधिकारांची विभागणीही करता येऊ लागली. मदत कक्षातील कर्मचाऱ्याला तक्रार तपासण्यापुरता, दूरध्वनी पाहणाऱ्याला दूरध्वनीपुरता आणि लेखापरीक्षकाला केवळ पाहण्यापुरता अधिकार देता येतो. सर्वांना सर्वाधिकार देणे ही सोय वाटते, परंतु चोरीला गेलेला एक पासवर्ड सगळे घर उघडून देतो.

दोष शोधण्यासाठी मध्यवर्ती नोंद सेवा असते. पूलमधील सर्व सर्व्हरवरच्या नोंदी ती एकाच वेळी गोळा करते आणि स्नूपर हे साधन त्यातील सिप संभाषण वाचता येईल अशा रूपात मांडते. बैठकींचा दर्जा पाहण्यासाठी दोन वेगळे डेटाबेस असतात. एकात कोणी कोणाला केव्हा संपर्क केला याची नोंद असते, दुसऱ्यात आवाज आणि चित्र कितपत स्वच्छ होते याची. याशिवाय खोटा वापरकर्ता बनून दर काही मिनिटांनी प्रवेश करून पाहणाऱ्या कृत्रिम चाचण्याही लावता येतात. अशी चाचणी रात्री तीन वाजता नापास झाली तर सकाळी नऊ वाजता कर्मचाऱ्यांची तक्रार येण्याची वाट पाहावी लागत नाही.

प्रमाणपत्रांची मुदत

सर्व्हरचे दोन भाग एकमेकांवर विश्वास ठेवतात तो डिजिटल प्रमाणपत्रांच्या आधारे. प्रमाणपत्राला मुदत असते आणि ती संपली की कोणताही बिघाड नसताना सेवा बंद होते. ही चूक लहान कार्यालयांतच होते असे नाही. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टची टीम्स ही सेवाच एका प्रमाणपत्राचे नूतनीकरण राहून गेल्यामुळे काही तास बंद पडली होती.

ही जबाबदारी पुढे वाढत जाणार आहे. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा निर्णय प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. त्यानुसार १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून केवळ ४७ दिवस, असे हे टप्पे आहेत. वर्षातून एकदा वहीत पाहून नूतनीकरण करण्याची पद्धत येथे पुरी पडणार नाही. हे काम आपोआप होईल अशी व्यवस्था लावावी लागेल.

उशिराची किंमत

दुरुस्ती उपलब्ध असणे आणि ती बसवलेली असणे यांत जे अंतर असते त्यातच बहुतेक अपघात घडतात. २ मार्च २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज सर्व्हरमधील चार छिद्रांसाठी तातडीच्या दुरुस्त्या जाहीर केल्या. ‘प्रॉक्सीलॉगॉन’ या नावाने हे प्रकरण जगभर गाजले. या छिद्रांचा गैरवापर त्याआधी जानेवारीपासूनच सुरू होता, आणि दुरुस्ती जाहीर झाल्यावर हल्ले अनेक पटींनी वाढले. दुरुस्ती प्रसिद्ध होताच छिद्र कोठे आहे हे हल्लेखोरांनाही कळते आणि मग ती न बसवलेले सर्व्हर शोधण्याची शर्यत लागते. या प्रकरणाने आणखी एक गोष्ट शिकवली. आधीच आत शिरलेल्या हल्लेखोराने ठेवलेली चोरवाट दुरुस्तीमुळे बंद होत नाही. ती वेगळी शोधून काढावी लागते.

संदेश सर्व्हरही यातून सुटलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये स्काइप फॉर बिझनेस सर्व्हरमधील एका छिद्रासाठी दुरुस्ती आली. त्या छिद्रातून सर्व्हरला आतल्या जाळ्यातील पत्त्यांशी संपर्क करायला लावता येत होते आणि त्याचा गैरवापर होत असल्याचे कंपनीनेच नमूद केले होते. बैठकीचा सर्व्हर बाहेरच्या जगाला उघडा ठेवावाच लागतो, कारण ग्राहक बाहेरून येतो. तोच उघडेपणा त्याला धोक्याच्या रांगेत पुढे उभा करतो.

पूर आणि दुसरी प्रत

हातकणंगले परिसरातील उद्योगांना जे संकट परिचित आहे ते पुराचे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी पुणे-बंगळुरू राष्ट्रीय महामार्गावर आले आणि शिरोलीजवळ वाहतूक बंद पडली. रस्ता बंद म्हणजे माणूस सर्व्हरपर्यंत पोहोचू शकत नाही, डिझेल येत नाही आणि बदली सुटा भागही येत नाही. नेमक्या अशा वेळी कामगारांना, पुरवठादारांना आणि ग्राहकांना निरोप देण्याची निकड सर्वाधिक असते.

यासाठी लिंक सर्व्हर २०१३ पासून पूलची जोडी लावण्याची सोय आहे. दोन वेगळ्या ठिकाणचे पूल एकमेकांची माहिती सतत साठवत राहतात. एक ठिकाण बंद पडले तर तेथील वापरकर्ते दुसऱ्यावर नेता येतात. मात्र हे आपोआप होत नाही. व्यवस्थापकाने स्वतः आज्ञा द्यावी लागते. बंद पडलेल्या पूलमध्येच मध्यवर्ती व्यवस्थापन भांडार असेल तर आधी ते हलवावे लागते आणि मग पूल. हा क्रम भर पुरात माहितीपत्रक उघडून शोधण्याची वेळ येऊ नये. तो कागदावर लिहून, वर्षातून किमान एकदा उन्हाळ्यात, पावसापूर्वी, करून पाहिलेला असावा.

जोडीतले दुसरे ठिकाण निवडतानाही भूगोल पाहावा लागतो. एकाच नदीच्या पूररेषेत, एकाच वीज उपकेंद्रावर किंवा एकाच फायबरच्या वाटेवर असलेल्या दोन इमारती म्हणजे दोन ठिकाणे नव्हेत. एक सर्व्हर वसाहतीत असेल तर दुसरा पूररेषेपासून दूर असलेल्या शहरात असणे इष्ट.

कायद्याची बाजू

देखभाल ही आता केवळ सोयीची बाब राहिलेली नाही. संगणक सुरक्षेसाठी नेमलेल्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे, सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे आणि संगणकांची घड्याळे सरकारी वेळ-सर्व्हरशी किंवा त्याच्याशी जुळणाऱ्या स्रोताशी जुळवून ठेवणे बंधनकारक आहे. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांना यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत देण्यात आली होती. म्हणजे छोट्या कारखान्यालाही हे नियम लागू आहेत.

घड्याळाचा नियम वरवर किरकोळ वाटतो. तीन सर्व्हरची घड्याळे पाच-पाच मिनिटांनी वेगळी असतील तर हल्लेखोर आधी कोठे शिरला आणि नंतर कोठे गेला हे नोंदींवरून ठरवताच येत नाही. घड्याळातील मोठा फरक वापरकर्त्याची ओळख पटवण्याचे कामही बिघडवतो.

याच्या जोडीला २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येणार आहेत. माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. संदेश सर्व्हरवर कर्मचाऱ्यांची संभाषणे, ग्राहकांचे क्रमांक आणि बैठकींचे ध्वनिमुद्रण साठते. हे सर्व व्यक्तिगत माहितीतच मोडते.

स्वतःचा की भाड्याचा

हे सर्व पाहिल्यावर स्वतःचा सर्व्हर ठेवावाच का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. बहुतेक लहान उद्योगांनी भाड्याच्या सेवा स्वीकारल्या आहेत. मायक्रोसॉफ्टनेही स्काइप फॉर बिझनेसची ऑनलाइन सेवा ३१ जुलै २०२१ रोजी बंद करून ग्राहकांना टीम्सकडे वळवले. भाड्याच्या सेवेत अद्ययावतीकरण सेवा देणारी कंपनी करते. सर्व्हर विकत घेणे, वातानुकूलन, डेटाबेस आणि रात्रीची जागरणे यांतून सुटका होते.

सुटका पूर्ण मात्र नसते. कोणाला कोणता अधिकार, नोकरी सोडून गेलेल्याचे खाते बंद झाले की नाही, ध्वनिमुद्रणे किती दिवस ठेवायची, या गोष्टी तेथेही संस्थेलाच पाहाव्या लागतात. इंटरनेट तुटले तर एकाच आवारातील दोन विभागांनाही एकमेकांना निरोप देता येत नाही. स्वतःच्या सर्व्हरवर आतले संभाषण अशा वेळीही चालू राहते. ज्या उद्योगाला आपले आराखडे व चर्चा आवाराबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत, त्यालाही स्वतःच्या सर्व्हरचे आकर्षण राहते. जित्सी मीटसारखे मुक्त स्रोताचे पर्याय परवान्याचा खर्च वाचवतात, पण अद्ययावतीकरणाचे काम त्यांतही तेवढेच असते.

निर्णय घेण्यापूर्वी काही प्रश्न विचारले तर उत्तर बरेचसे स्पष्ट होते. दर महिन्याच्या दुरुस्त्या कोण बसवणार? तो माणूस रजेवर असेल तर दुसरा कोण? सर्व्हर बंद ठेवण्यासाठी रात्रीची किंवा साप्ताहिक सुटीची वेळ ठरलेली आहे का? बाहेर काढून ठेवलेली मांडणी व माहिती वापरून सर्व्हर पुन्हा उभा करून पाहिला आहे का? आधार संपण्याची तारीख अंदाजपत्रकात लिहिलेली आहे का? या प्रश्नांना माणसाच्या नावासह उत्तर देता येत असेल तर स्वतःचा सर्व्हर ठेवण्यास हरकत नाही. उत्तर ‘बघू’ असे असेल तर भाड्याची सेवा अधिक सुरक्षित ठरते.

वारणेच्या सात गावांत साध्या मोबाइलने संगणकाची जागा घेतली, कारण तो सांभाळणे गावाला परवडत होते. यंत्रणा किती आधुनिक आहे यापेक्षा ती सांभाळण्याची ऐपत आणि शिस्त आपल्याकडे आहे का, हा प्रश्न तेव्हा शेतकऱ्यांच्या कारखान्यापुढे होता. आज तो प्रत्येक उद्योगापुढे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आधार संपलेला सर्व्हर अजूनही निरोप पोहोचवत असेल, बैठकीही भरवत असेल. त्याच्यात सापडणारे पुढचे छिद्र मात्र उघडेच राहील.